सरपणाबद्दल, सोनूस

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "आई, यंदा आगोटीचं, पावसाळ्यासाठी साठवायचं सरपण मीच करते." मी नुसतं "बरं" म्हटलं, पण रात्री झोप लागली नाही. या घरात आजीने लाकडं फोडली, मी फोडली, तुला मात्र कुऱ्हाडीला हात लावू दिला नाही. तुझा अभ्यास बुडेल असं वाटायचं. ते माझं चुकलं. आता गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे मी पुण्यात अडकलेय, तर पत्रातूनच सांगते.

माझ्या डाव्या नडगीवरची पांढरी रेघ आठवते? लहानपणी तू तिच्यावर बोट फिरवून विचारायचीस आणि मी काटा लागला म्हणायची. तो काटा नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या मार्चात, घरात कुणी नसताना, पायात स्लिपर घालून मी ओंडका फोडायला गेले. कुऱ्हाड गाठीवरून निसटली. म्हणून सोनू, घरात दुसरं माणूस असेल तेव्हाच फोडायला बस, आणि पायात बूट हवेतच.

गोळा करायचं ते पडलेलं आणि वाळलेलंच. काजूच्या बागेतल्या सुक्या फांद्या, आगरातली, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतली, झावळ्यांची चुडतं, फुलोऱ्यावरच्या पोया, करवंट्या, नारळाची सोडणं यांवर चूल पेटवण्याचं काम भागतं. उभ्या झाडाला हात लावू नकोस. आंबा, फणस, जांभूळ, ऐन, किंजळ ही झाडं आपल्या जागेतली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. आणि बिब्ब्याचं लाकूड ओळखायला आधी शेजारच्या काकूंकडून शीक. त्याचा चीक अंगावर उततो, धूरही बाधतो. पांगारा, सावर, शेवगा उचलून आणण्याचे कष्ट फुकट; भुर्रकन जळतात, निखारा राहत नाही.

गेल्या पावसात पडलेला आकेशिया मागच्या बाजूला तुकडे करून ठेवलाय, तोच फोड. लाकूड चांगलं आहे, निखारा धरतं. फोडायच्या आधी प्रत्येक ओंडक्याचं तोंड बघ. मध्यापासून कडेकडे गेलेल्या भेगा दिसतील. लाकडाने स्वतःच वाट दाखवलेली असते, त्या भेगेवरच घाव घाल. गाठ असेल ती बाजू खाली ठेव. जाड ओंडका मधोमध फोडायला जाऊ नकोस, कडेकडेने ढलप्या काढत आत जा. मी पहिली दोन वर्षं मध्यावरच हाणत बसले आणि खांदे भरून आल्यावर रडायची. आजी माझ्यापेक्षा किडकिडीत, तरी तिचं काम दुपारच्या आत उरकायचं.

ओंडका जमिनीवर नको, फणसाच्या त्या जुन्या ठोकळ्यावर ठेव. हात लांब करून पातं ओंडक्याला टेकव, म्हणजे अंतर कळेल. पाय फाकलेले असू देत. कुऱ्हाड खाली येताना गुडघे वाकव. घाव चुकला तरी पातं ठोकळ्यात जातं, नडगीवर येत नाही. जोर वरून लावू नकोस, कुऱ्हाडीचं वजनच काम करतं. पातं अडकलं तर ओंडक्यासकट डोक्यावर उचलू नकोस. दांडा वरखाली हलवून सोडव, नाहीतर पाचर घालून घणाने ठोक. रोज सुरुवात करण्याआधी कुऱ्हाड हालते का ते बघ. ढिला दांडा पाण्यात बुडवून घट्ट होतो खरा, पण वाळला की आधीपेक्षा जास्त हलतो. त्यात नवी पाचरच मारून घे.

आता वाळवण्याचं, आणि हे मनावर घे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू मुंबईला होतीस. गोठ्याची कौलं उडाली, रचलेलं सगळं सरपण भिजलं. आगरातल्या पोफळी, माड, आंब्याच्या फांद्या आडव्या पडलेल्या, म्हणजे चहूकडे लाकूडच लाकूड आणि चुलीत घालायला एक काटकी नाही. वीज कित्येक दिवस नव्हती, सिलिंडरही संपलेला. ओल्या लाकडावर मी पेज शिजवायची. त्या धुरात आजीचा खोकला जो धरला तो गेलाच नाही. ओल्या लाकडातली आग आधी त्यातलं पाणी उडवण्यात खर्ची पडते, उरतो तो धूर. म्हणून मार्च-एप्रिलचं ऊन वाया घालवू नकोस. फोडलेलं लाकूड लवकर वाळतं, अख्खा ओंडका सालीआड ओलाच राहतो. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपट, खणखणीत वाजतात. ओल्या बद्द वाजतात.

रचताना खाली चिरे आणि त्यावर आडव्या फळ्या घाल, नाहीतर वाळवी लागते. मधून वारा खेळू दे. वरून झाक, बाजू उघड्या ठेव. पेटवणाच्या काटक्या मात्र घरातच, चुलीमागे.

आणि रचलेल्या लाकडात हात घालताना आधी काठीने खडखडव. फुरसं हा विषारी साप आणि विंचू दोन्ही तिथेच बसतात. रात्री बॅटरीशिवाय जाऊच नकोस. विंचू चावून दरदरून घाम, उलटी सुरू झाली तर मंत्र-झाडपाल्यात वेळ घालवू नकोस, तडक दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपाय रुळवल्यापासून आपल्या कोकणातली किती माणसं वाचली. त्याआधी विंचवाने माणूस गेला हे ऐकण्यातलं होतं.

पहिल्या दिवशी दहाच ओंडके फोड. हाताला फोड आले तर दोन दिवस थांब. मला फोटो पाठव, पण तुझा नको, ढलप्यांचा. घाव कुठे पडलाय ते बघून मी फोन करीन.

तुझी,
आई

ता. क. आजीची कुऱ्हाड गोठ्यातल्या आढ्याला, माडाच्या विणलेल्या झापांच्या मागे आहे. दांडा धामणीचा आहे, तो बदलू नकोस.