डिंक म्हणू नकोस

मिरज, १४ जुलै

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू जरा हिरमुसलेली वाटलीस. पीएचडीसाठी तुला पेशींच्या संदेशवहनावर काम हवे होते आणि मार्गदर्शकांनी हाती ठेवले डेस्मोसोम, पेशींना शेजारच्या पेशींशी जोडणारे सांधे. "आई, म्हणजे नुसता डिंक गं," असे म्हणून तू विषय बदललास. तीस वर्षे त्वचारोगांची ओपीडी चालवणाऱ्या बाईला तो शब्द चांगलाच झोंबला. सांगायचे ते फोनवर मावणारे नव्हते, म्हणून हे पत्र.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पन्नाशीच्या एक बाई आल्या होत्या. पाच महिने त्यांचे तोंड आलेले होते. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या झाल्या, तोंडात लावायचे जेल झाले, जाईचा पाला चघळून झाला; भाकरी दुधात कुस्करून, तीही गार करून, कशीबशी गिळत होत्या. पाठीवर ढिले, हात लागताच फुटणारे फोड उठले तेव्हा कुठे त्यांना कोणी त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवले. फोडाच्या कडेच्या, दिसायला अगदी निरोगी कातडीवर मी अंगठा दाबून सरकवला, तर वरचा पापुद्रा ओल्या कांद्याच्या सालीसारखा अंगठ्याबरोबर निघाला. फुटलेल्या फोडाच्या तळाची खरवड काचेवर घेऊन गिम्झा रंगाने रंगवली आणि तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एरवी बहुकोनी, शेजारणींना चिकटून बसणाऱ्या त्या पेशी वाटोळ्या होऊन सुट्या तरंगत होत्या. शेजारणीचा हात सुटला की पेशी आपले कोपरेही टाकून देते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले असे नाही, पण दर वेळी मी ते थोडा वेळ पाहत बसते.

हा पेम्फिगस व्हल्गॅरिस, प्रतिकारशक्ती आपल्याच पेशींच्या सांध्यांवर उलटते तो रोग. बायोप्सीत बाह्यत्वचेचे वरचे थर तळच्या थरापासून सुटलेले होते आणि तळच्या पेशी मात्र आपल्या जागी रांगेने उभ्या होत्या. पॅथॉलॉजीची पुस्तके त्या दृश्याला थडग्यांची रांग म्हणतात. त्या उभ्या राहतात, कारण त्यांना खालच्या पटलाशी धरून ठेवणारे प्रथिन वेगळे आहे, इंटेग्रिनच्या कुळातले, आणि या रोगात त्याला धक्का लागत नाही. कातडीचा दुसरा तुकडा पुण्याला पाठवला होता. तिथून आलेल्या, चमकणारा रंग लावून घेतलेल्या फ्लुओरेसन्सच्या छायाचित्रात प्रत्येक पेशीभोवती हिरवी रेघ होती, कोळ्याने वाळत घातलेल्या जाळ्यासारखी. ती रेघ म्हणजे बाईंच्याच रक्तातली प्रतिपिंडे, डेस्मोग्लीनवर, म्हणजे डेस्मोसोममधल्या शेजारणीला धरणाऱ्या प्रथिनावर, जाऊन बसलेली.

तोंड आधी का आले, हेही या प्रथिनांवरूनच कळते. तोंडाच्या आतल्या अस्तरात मुख्यतः डेस्मोग्लीन ३ असते, तर कातडीत १ आणि ३ अशी दोन्ही असतात. प्रतिपिंडे फक्त ३ विरुद्ध असली, तर कातडीतले १ तिला सावरून धरते आणि तोंडात मात्र सावरायला कोणी नसते. पुढे १ विरुद्धही प्रतिपिंडे तयार झाली की पाठीवर फोड उठतात. उलट, पेम्फिगस फोलिएशियस या दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे फक्त १ विरुद्ध असतात, म्हणून कातडी वरच्या वर सोलते आणि तोंड सुखरूप राहते. पावसाळ्यात लहान मुलांच्या अंगावर पुवाचे पातळ फोड येतात, त्यातला स्टॅफिलोकोकस आपल्या विषाने हेच डेस्मोग्लीन १ कापतो. एक जंतू आणि एक भरकटलेली प्रतिकारशक्ती नेमक्या त्याच प्रथिनावर येऊन थांबतात, याचे मला अजून नवल वाटते.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील की हा डिंकच झाला, प्रतिपिंडाने तो विरघळवला आणि पेशी सुटल्या. आम्हीही वर्षानुवर्षे तसेच शिकलो आणि शिकवले. पण २००५ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी फोलिएशियसच्या रुग्णांची प्रतिपिंडे घेऊन, रेणूंमधली ओढ मोजणाऱ्या अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली डेस्मोग्लीन १ चे दोन रेणू एकमेकांना धरतात की नाही हे पाहिले. प्रतिपिंडे असतानाही त्या रेणूंची पकड कायम होती. तरीही तीच प्रतिपिंडे जिवंत पेशींवर टाकली की पेशी एकमेकींपासून सुटत होत्या. हातात हात असताना माणसे दूर कशी गेली? उत्तर पेशीच्या आत आहे. प्रतिपिंड बसताच आतमध्ये पी-३८ नावाचे किनेज, म्हणजे संदेश पुढे देणारे विकर, जागे होते, डेस्मोसोमला बांधलेले केराटिनचे तंतू कडेवरून मागे सरून केंद्रकाभोवती गोळा होतात आणि डेस्मोग्लीन पेशी स्वतःच आत ओढून घेते. २००६ मध्ये उंदरांना रुग्णांची प्रतिपिंडे देताना पी-३८ रोखणारे औषधही दिले गेले, आणि त्यांना फोड आले नाहीत. डेस्मोग्लीन ३ विरुद्धची काही प्रतिपिंडे पकडही थेट मोडतात, हे खरे आहे. पण केवळ पकड मोडण्यावर या रोगाचा हिशेब पुरा होत नाही.

याहून बोलके काम २००९ चे. डेस्मोग्लीन १ चा बाहेर राहून शेजारणीला धरणारा भाग काढून टाकला, तरी उरलेले प्रथिन वाढीचे संदेश आवरून धरत होते आणि बाह्यत्वचेच्या पेशीला परिपक्व व्हायला लावत होते. ज्याला धरताच येत नाही, ते प्रथिन पेशीला वाढ थांबवायला सांगते. याला तू डिंक म्हणतेस?

ई-कॅडहेरिन या पेशी जोडणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाबद्दल थोडे सावध करते, कारण तुझ्या वयाचे सगळे तिथे घाई करतात. त्याच्या आतल्या शेपटीला बीटा-कॅटेनिन बांधलेले असते, आणि तेच सुटे होऊन केंद्रकात गेले तर जनुके चालू करते. म्हणून ई-कॅडहेरिन हरवले की बीटा-कॅटेनिन केंद्रकात जाणारच, असा सोपा निष्कर्ष काढला जातो. स्तनाच्या लोब्युलर कर्करोगात ई-कॅडहेरिन नसते, पेशी एकामागे एक रांगेत पसरतात आणि हाताला नीट गाठही लागत नाही. तरी बीटा-कॅटेनिन सहसा केंद्रकात सापडत नाही, कारण सुटे झालेले बीटा-कॅटेनिन नष्ट करणारी यंत्रणा त्या पेशींत शाबूत असते. सापडते ते पी-१२०, एरवी त्याच शेपटीला बांधलेले असणारे दुसरे प्रथिन, पेशीरसभर पसरलेले. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात कित्येक जण, काही तर ऐन तारुण्यात, जठराच्या कर्करोगाने जात होते. त्या कुटुंबाने ओटागो विद्यापीठातील संशोधकांबरोबर काम करून १९९८ मध्ये ई-कॅडहेरिनच्या जनुकातला दोष शोधला. दोष असलेल्यांपैकी अनेकांनी पुढे रोग होण्याआधीच जठर काढून घेतले. एका जोडणाऱ्या प्रथिनासाठी माणसे एवढा मोठा निर्णय घेतात.

आमच्या बाईंना डॉ. पसरिचांच्या, दिल्लीच्या एम्समध्ये ऐंशीच्या दशकात रूढ झालेल्या पद्धतीने पल्स, म्हणजे ठरावीक अंतराने औषधाचे मोठे डोस, दिल्या: दर २८ दिवसांनी सलग तीन दिवस १०० मिलिग्रॅम डेक्सामेथासोन सलाइनमधून, त्यातल्या एका दिवशी ५०० मिलिग्रॅम सायक्लोफॉस्फामाइड. आज मी रिटक्सिमॅबचा विचार आधी केला असता, पण तेव्हा ते त्यांच्या ऐपतीबाहेर होते. सहाव्या पल्सला त्या डब्यात ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या आणि माझ्या टेबलासमोर बसून खाऊन दाखवली.

आता तुझ्या कामाचे. कमी कॅल्शियममध्ये वाढवलेल्या केराटिनोसाइटना, म्हणजे बाह्यत्वचेच्या पेशींना, तू उद्या कॅल्शियम वाढवून देणार आहेस. पुढच्या काही तासांत त्या एकमेकींना धरतील. त्यानंतर डिस्पेज या विकराने थर बशीपासून सोडवून किती तुकडे पडतात ते मोजशील (जितके जास्त तुकडे, तितकी पकड ढिली), पण फक्त तुकडे मोजून थांबू नकोस. त्याच बशीतल्या थोड्या पेशी पी-३८ तपासण्यासाठी बाजूला ठेव, आणि रुग्णाच्या सीरमबरोबर, म्हणजे प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाबरोबर, तुलनेसाठी निरोगी माणसाचे सीरम लावायला विसरू नकोस. केराटिनचे फोटो मला पाठव, रात्री उशिरा पाठवलेस तरी चालेल.

तुझी,
आई