खुले पत्र : चाळीस लाखांची खुंटी

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सादर नमस्कार.

गेल्या महिन्यात पहाटे अडीचला वडिलांच्या छातीत कळ आली. आमच्या सरकारी रुग्णालयात नेलं. ईसीजी बरा निघाला. ड्युटीवरची पोरसवदा डॉक्टर म्हणाली, "दादा, एवढ्यावर भागत नाही, ट्रोपोनिन बघायला हवं." आणि गप्प झाली.

आपल्याला ठाऊक असेलच, तरी सांगतो. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. हाय-सेन्सिटिव्ह तपासणीत ते लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागात मोजतात. रक्ताची नळी लावली की यंत्र आपलं आपण अँटीबॉडीनं ते पकडतं, त्यातून निघणारा उजेड मोजतं आणि विसेक मिनिटांत आकडा देतं. तासा-दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं, आकडा चढतोय का बघायचं. असं यंत्र आमच्याकडे आहे! वर्षापूर्वी फीत कापली, "आता कुणाला शहर गाठावं लागणार नाही" असं माइकवरून सांगितलं. टाळ्या मीही वाजवल्या.

त्या पहाटे लॅबच्या दारात गेलो. यंत्रावर उद्घाटनाची झेंडूची माळ, वाळून काळी पडलेली. खाली सेलोटेपनं चिकटवलेला कागद : 'किट नाही'. किट म्हणजे तपासणीची रसायनं; ती २ ते ८ अंशांत ठेवायच्या फ्रिजमध्ये पाण्याच्या बाटल्या आणि कुणाचा तरी डबा. टेक्निशियन बिचारा म्हणाला, "चार महिने मागणी पाठवतोय. दुसऱ्या कंपनीचं किट आणलं तर मशीन बारकोडच घेत नाही." खरेदी करताना हे कुणी विचारलं नाही? यंत्राची किंमत कुणी ४० लाख सांगतं, कुणी ६०. चाळीस धरू. हार अडकवायला चाळीस लाखांची खुंटी!

मग ७० किलोमीटर, खड्ड्यांतून. खासगीत पोचेतो सहा वाजले. तिथे ट्रोपोनिन झालं, अँजिओप्लास्टी झाली, आईच्या पाटल्या मोडल्या. विहिरीसाठीसुद्धा मोडल्या नव्हत्या त्या. वडिलांच्या हृदयाचं पंपिंग ३५ टक्क्यांवर आलंय. तीन तास आधी आलो असतो तर, असं विचारलं. डॉक्टरांनी फाइल मिटली.

१५ ऑगस्ट २०२३ पासून तुमच्या खात्याच्या रुग्णालयांत तपासण्या मोफत आहेत. मोफतच की! जी होतच नाही तिचे पैसे घेणार कोण? २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय, राज्यांनी २०२० पर्यंत बजेटचे ८ टक्के आरोग्यावर खर्चावेत. आपण पाचच्याही आत आहोत म्हणतात. चुकत असेन तर दुरुस्त करा, आनंदच होईल. पण आरोग्याचंच कशाला? गावात टाकी आहे, पाणी नाही. शाळेला नवी खोली आहे, मास्तर नाही. फितीला पैसा निघतो, पुढच्या महिन्याच्या सामानाला निघत नाही.

वडील परवा तिसऱ्या पायरीवर बसले, म्हणाले, "जरा दम घेतो." आयुष्यभर पोती वाहिलेला माणूस.

किट कधी येणार, ते तारखेसह लॅबच्या दारावर लावायला सांगा. तोवर ती माळ तरी काढा.

आपला,
एका रुग्णाचा मुलगा