'डाग गेल्यावर आणा', म्हणजे कधी?

संपादक महोदय,

माझी नात अडीच वर्षांची आहे. चार-पाच महिन्यांची असताना तिच्या पाठीपोटावर मसुराएवढे तपकिरी डाग उमटले. ढेकूण चावले असतील म्हणून आम्ही गाद्या उन्हात घातल्या. कुणी नायट्याचं मलम सुचवलं, तर एका पाहुणीनं सुनेची उलटतपासणी घेतली, की गरोदरपणी काय काय खाल्लं होतंस!

शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पेनाच्या बोथट टोकानं एक डाग हलकेच घासला. दोन-तीन मिनिटांत तिथं गांध उठली, भोवतीची कातडी लाल झाली. पुढं बायोप्सीत नक्की झालं: मॅस्टोसायटोसिस. मास्ट पेशी आपल्या सगळ्यांच्याच कातडीत असतात. या मुलांच्या कातडीत त्या जागोजागी जास्त साचतात. घासलं किंवा अंग तापलं की त्यांतून हिस्टामिन नावाचं रसायन सुटतं आणि खाज सुरू होते. लहान मुलांत हा आजार बहुतेक वेळा कातडीपुरताच राहतो. आणि तो एकाचा दुसऱ्याला होत नाही. शिवल्यानं नाही, एका डब्यात खाल्ल्यानंही नाही.

जुलैत तिला प्लेस्कूलमध्ये घातलं. तिसऱ्याच दिवशी फोन आला, "घेऊन जा, बाकीच्या पालकांची तक्रार आहे." डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. ती वाचून मॅडम म्हणाल्या, "ठीक आहे काका, पण डाग गेल्यावरच आणा." हे डाग पुष्कळ मुलांत वयात येता येता फिके पडतात. म्हणजे आम्ही तिला एकदम दहावीच्या परीक्षेलाच न्यायचं की काय?

शाळेनं सांभाळायचं ते वेगळंच आहे. टॉवेलनं अंग खसखसून पुसू नये. नागपूरचा पारा पंचेचाळीसला टेकतो, त्या दिवसांत तिला कूलरजवळ बसवावं. ताप आला तर अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नये, आणि मधमाशी चावली तर लगेच फोन करावा. एवढं सांगायला कागदाची एक बाजू पुरते. आमचा तो कागद तयार आहे, पण घ्यायला कुणी तयार नाही.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाकडून यावर लिहून घ्यावं, ही विनंती. इतर पालकांना आम्ही सांगितलेलं पटत नाही, छापून आलेलं कदाचित पटेल.

- एक आजोबा, प्रतापनगर, नागपूर