दुकानाच्या कॉम्प्युटरविषयी सुहासला

पुणे,
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

आईचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा चालू आहे, प्रकृती स्थिर आहे, आणि आमचा मुक्काम अजून पुण्यातच आहे. पत्र लिहायला बसलो ते आपले फलटणचे दुकान सांभाळणाऱ्या अप्पांसाठी. मागच्या आठवड्यात दुकानाचा कॉम्प्युटर इकडून लागेना म्हणून मी फलटणला फोन केला, तर कळले की अप्पांनी तो बंद करून ठेवला आहे आणि माळ्यावरचे जुने बिलबुक काढून ते हाताने बिले लिहीत आहेत. कारण विचारले, तेव्हा मला अहो-जाहो करून म्हणाले, "तुम्ही तिकडून सगळे चालवताच आहात, मग माझे काय काम?" ज्यांनी मला चड्डीत असल्यापासून गल्ल्यावर बसवले, त्यांच्या तोंडी हे वाक्य का आले असेल, हे तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगून समजणार नाही.

झाले ते असे. मी इकडे आलो, तेव्हा एका कॉम्प्युटर दुरुस्ती करणाऱ्याने रिमोट डेस्कटॉपची, म्हणजे दुकानातला कॉम्प्युटर पुण्यात बसून चालवण्याची, सोय करून दिली. इंटरनेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता, घेतला, राऊटरमध्ये ३३८९ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याचे दार, उघडला आणि पत्ता व पासवर्ड माझ्या हाती दिला. दुकानात विंडोज १० प्रो आहे आणि त्यावर एका वेळी एकालाच काम करता येते. बाहेरून कोणी आत शिरले की समोर बसलेल्याचा पडदा तिथल्या तिथे कुलूपबंद होतो. हे त्या गृहस्थाने ना मला सांगितले, ना अप्पांना. त्या दुपारी मी जीएसटीच्या कामासाठी आत गेलो, तर माझ्यासमोर अर्धवट भरलेले विक्रीचे बिल उघडले: वर पीव्हीसी पाईप, त्याखाली एक इंची एल्बो, आणि नगाच्या रकान्यात लुकलुकणारा कर्सर. मी लगेच बाहेर पडलो, पण तिकडे पडदा पासवर्ड मागत होता आणि तो अप्पांना कधी कोणी दिलेलाच नव्हता. समोर मोटार बंद पडलेला शेतकरी घाईत उभा, आणि इतक्या वर्षांचा माणूस स्वतःच्याच गल्ल्यावर खोळंबलेला. त्यांनी मुकाट्याने कागद घेऊन बिल लिहिले. आपल्यावर विश्वास उरला नाही, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि मला ते सहन होत नाही.

दुसरी काळजी याच दारातून आत आली. अप्पांनी मशीन पुन्हा सुरू केल्यावर मी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडून पाहिला. ४६२५ क्रमांकाच्या, म्हणजे फसलेल्या लॉगिनच्या, नोंदींची रांगच रांग होती. रात्रीच्या एकेका मिनिटात अनेक, कधी 'ॲडमिनिस्ट्रेटर' या नावाने, कधी 'टेस्ट', कधी 'युजर'. कोणा एकाला आपल्या दुकानाचा हेवा वाटला म्हणून हे होत नाही. इंटरनेटवरचे उघडे पोर्ट शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालूच असतात. त्या दुरुस्तीवाल्या गृहस्थांना विचारले, तर म्हणाले, पोर्टचा नंबर बदलू. नंबर बदलला तरी शोधणारे सगळे नंबर तपासतात, त्यामुळे या उत्तराला काही अर्थ नाही. रिमोट डेस्कटॉपच्या याच सेवेतील सुरक्षेच्या एका भोकासाठी मायक्रोसॉफ्टला २०१९च्या मे महिन्यात, आधार (म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या) कधीच संपलेल्या विंडोज एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढावी लागली होती. आपल्या विंडोज १०चा आधार तर गेल्याच महिन्यात, १४ ऑक्टोबरला संपला.

कोणी आत शिरून हिशेबाच्या प्रोग्रॅमचे, म्हणजे टॅलीचे, फोल्डर कुलूपबंद करून खंडणी मागितली, तर काय राहील, याचा विचार कर. बॅकअपचा पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला असतो, म्हणजे तोही गेलाच. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावे लागतात. त्याहून मोठी गोष्ट उधारीची आहे. उसाचे बिल आले की पैसे देतो म्हणून पाईप आणि मोटारी नेलेल्यांची खाती आता फक्त तिथेच आहेत, आणि त्यांतले निम्मे लोक दुकानाशी व्यवहार करतात ते अप्पांच्या शब्दावर.

इथे तुला आपले जुने भांडण आठवेल. टॅलीचे फोल्डरच क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, सिंक करू, म्हणजे दोन्हीकडे हिशेब दिसेल, असा तुझा हट्ट होता आणि त्यावरून आपण महिनाभर बोललो नव्हतो. माझे मत आजही तेच आहे. दोन ठिकाणी टॅलीतली एकच कंपनी, म्हणजे एकच हिशेबवही, उघडी राहिली की फाइली अर्धवट बदलतात आणि डेटा बिघडतो. पुढच्या भेटीत पुन्हा भांडायला मी तयार आहे. मात्र लक्ष्मीपूजनाला अप्पांनी कीबोर्डला वाहिलेले कुंकू तू दातांच्या ब्रशने एंटरच्या बटणाखालून काढत होतास आणि अप्पा तुला "जपून रे, देवाचे आहे" म्हणत होते, ते आठवले की भांडण राहूनच जाते.

मी आता असे ठरवले आहे. तो पोर्ट मी बंद करून घेतला. रोजची विक्री आणि साठा मी टॅलीच्याच रिमोट सोयीतून, माझ्या वेगळ्या नावाने पाहीन. त्यासाठी दुकानात टॅली चालू आणि कंपनी जोडलेली असावी लागते, पण अप्पांच्या पडद्याला धक्का लागत नाही. पूर्ण मशीन लागलेच, तर दुकान बंद झाल्यावर, अप्पांना सांगून, वायरगार्ड या प्रोग्रॅमच्या व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बंद वाटेने, जाईन; ज्याच्याकडे किल्ली नाही, त्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे शोधणाऱ्यांना तिथे काही आहे हेही कळत नाही. बॅकअपच्या दोन ड्राइव्ह असतील, एक नेहमी काढून अप्पांच्या घरच्या कपाटात. आणि टॅलीत अप्पांचे स्वतःचे नाव व पासवर्ड राहील, म्हणजे कोणती नोंद त्यांची आणि कोणती माझी, याबद्दल कधी शंका उरणार नाही.

हे सगळे मी त्यांना फोनवर सांगितले. ते "बरं" म्हणाले आणि बिले अजून हातानेच लिहीत आहेत. परवा ११ तारीख, जीएसटीआर-१ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत. ती बिले मी फोटो मागवून इकडे बसून भरीन, त्याचे काही नाही. पण तू त्यांना फोन कर. कॉम्प्युटर त्यांनी तुझ्याकडून शिकला, तुझे ते ऐकतात. पडदा का बंद झाला ते तू सांग. माझी बाजू घेऊ नकोस, फक्त काय झाले ते सांग. रात्री नऊनंतर कर, त्याआधी ते बोलणार नाहीत.

चिन्मयीचा बारावीचा अभ्यास कसा चालला आहे? वहिनींच्या बदलीचे कळव. गुडघ्याचे डॉक्टरांना दाखव, टाळू नकोस.

तुझा,
विनायक