पिशवी तुमच्याकडेच राहिली, डॉक्टरकाका

ती. डॉक्टरकाका,
सा. न.

समोर बोलायला गेले की घसा दाटतो, म्हणून लिहितेय.

पहिल्यांदा आले तेव्हा हातात रिपोर्टांची पिशवी होती. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, एंडोस्कोपी. आठ महिन्यांची कमाई! रात्री तीनला छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, दिवसभर कणकण. एका मोठ्या हॉस्पिटलात स्क्रीनवरची नजर न काढता ऐकवलं गेलं, "सगळं नॉर्मल आहे, उगाच टेन्शन घेता." दुसरीकडे ताकदीच्या गोळ्या. सगळं नॉर्मल होतं, तर पहाटे गॅलरीत बसून मंडईकडे जाणारे टेम्पो मी हौसेने मोजत होते का?

तुमच्याकडे भिंतीवर पाटी आहे, 'पेशंटने तक्रार थोडक्यात सांगावी.' (शुक्रवार पेठच ती!) मी थोडक्यात सुरुवात केली आणि पिशवीत हात घातला. तुम्ही ती माझ्याकडून घेऊन टेबलाखाली ठेवलीत, पेनाला टोपण लावलंत आणि म्हणालात, "रिपोर्ट नंतर बघू. गेल्या पंधरा दिवसांत कशात मन रमलंय का?"

टोपणाचा तो टक् आवाज अजून कानात आहे. आठ महिन्यांत माझ्यासाठी कुणी लिहायचं थांबलं नव्हतं. मग मी जी रडले! कंपाउंडर दोनदा डोकावला, तुम्ही नुसता हात वर केलात. त्या पाटीखाली बसून वीस मिनिटं.

"मला वेड लागतंय का हो?" विचारलं, तर म्हणालात, "बाहेर बाकावर चौघं बसलेत ना, त्यातल्या एखाद्याचं हेच असतं. येतात मात्र डोकं, पोट, पाठ घेऊन." मला वाटलं, धीर द्यायला म्हणताय. पण लेकाने शोधून दाखवलं. नव्वदच्या दशकात जागतिक आरोग्य संघटनेने 14 देशांत, आपल्या बंगळुरूतही, साध्या दवाखान्यांत येणाऱ्यांची पाहणी केली होती. सरासरी 24 टक्के लोकांना नैराश्य, चिंता असा काही ना काही मानसिक आजार निघाला. म्हणजे चौघांत एक, अगदी तुमच्या बाकाचाच हिशेब. मग ज्यांनी मला आधी तपासलं, त्यांच्या समोरून रोज असे किती जण 'नॉर्मल' होऊन घरी जात असतील?

पुढचं औषधपाणी रीतसर झालं. 'दोन-तीन आठवडे गुण दिसणार नाही, मधेच बंद करू नका' हे तुम्ही सुवाच्य मराठीत लिहून दिलेला कागद फ्रिजवर चिकटवलाय. पुण्यात हुशार डॉक्टरांना तोटा नाही, काका. पण समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणारा माणूस, मग तो डॉक्टर असो, बँकेतला कारकून असो की रिक्षावाला, भेटला की दिवसभर बरं वाटतं.

हल्ली मला जाग येते ती दूधवाल्याच्या बेलने. पिशवी अजून तुमच्या टेबलाखालीच आहे. दर वेळी न्यायचं ठरवते नि विसरते. मंगळवारी सासूबाईंचा गुडघा दाखवायला येईन, तेव्हा बघू.

तुमची,
पिशवीवाली पेशंट