अपूर्णांकाला एकच चित्र पुरत नाही

मा. संपादक,

वर्तुळाचे भाग रंगवून घेतले की अपूर्णांक शिकवून झाले, ही समजूत आता सोडायला हवी. अमूर्त कल्पना समजताना मनात तिचे काहीतरी रूप बसते आणि पहिले बसलेले रूप सहजासहजी हलत नाही. वर्तुळ पाहून मूल ‘अपूर्णांक म्हणजे तुकडा’ असे धरून चालते. पाव, अर्धा, पाऊण इथवर निभावते. सव्वा, म्हणजे ५/४ आले की ‘भाग चारच केलेत, पाच कुठून घेऊ?’ असे ते विचारते, आणि ते रास्तच आहे. त्या वर्तुळात पाचव्या भागाला जागाच नाही.

म्हणून सोबत संख्यारेषा हवीच. कोरा कागद आडवा धरून ० ते १ हे अंतर १२ सेंटिमीटर घ्यावे. १२ ला २, ३, ४ आणि ६ ने भाग जातो, त्यामुळे अर्धा ६ वर, १/३ चारवर, पाव ३ वर नेमका बसतो. रेषा १ च्या पुढे तेवढीच वाढवली की सव्वा १५ सेंटिमीटरवर सापडतो.

आता १/३ + १/४ घ्या. अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/७ लिहिणे ही हमखास होणारी चूक. ती लगेच खोडू नये. २/७ ची खूण करायला सांगावी. १२ चे सात भाग, त्यातले दोन, म्हणजे साधारण ३.४ सेंटिमीटर. ही खूण नुसत्या १/३ च्याही अलीकडे पडते! मिळवल्यावर उत्तर घटले कसे, हा प्रश्न मुलालाच पडतो. मग ४ च्या पुढे ३ सेंटिमीटर मोजले की ७, म्हणजेच ७/१२.

इथे घोळ होतो तो खुणांपाशी. चार भाग हवेत म्हणून मुले ० आणि १ च्या मध्ये चार खुणा करतात आणि भाग पडतात पाच. मोजायची ती अंतरे, हे प्रत्येक अंतरावरून बोट फिरवून दाखवावे लागते. गुणाकाराला मात्र ही रेषा अपुरी पडते. १/२ × १/३ साठी आयत काढून एका बाजूचे दोन, दुसरीचे तीन भाग करावेत. सहांतली एक चौकट हे उत्तर.

‘डोळे मिटून चित्र आठवा’ असे सांगणे टाळावे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी न्याहारीचे टेबल मनात आणायला सांगितले, तेव्हा काही शास्त्रज्ञांनीच आपल्याला असे चित्र दिसत नसल्याचे कळवले. ही पाहणी १८८० मध्ये प्रसिद्ध झाली. मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मनात चित्र न दिसण्याच्या या स्थितीला ‘अफँटेझिया’ हे नाव दिले. अशा मुलांची समज कमी नसते. त्यांच्यासाठी आकृती कागदावर, बोटाखाली असावी.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना विनंती, ‘भाग रंगवा’ या प्रश्नासोबत ‘३/४, ५/४ आणि ७/१२ एकाच रेषेवर दाखवा’ हाही प्रश्न नियमित द्यावा.

– एक गणितशिक्षक