रागावरचा उतारा: सहा अक्षरं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

राग आवरायला चीनमधल्या ताओपंथातलं कुठलं ध्यान करावं, असं तू विचारलं आहेस. डोळे मिटून बसायचं इतक्यात नको. डोकं तापलेलं असताना गप्प बसलं की माणूस तेच भांडण पुन्हा चघळत राहतो. आधी ‘ल्यू त्झ च्युए’ कर, म्हणजे सहा अक्षरांची रीत. माओशान डोंगरावर राहणाऱ्या थाओ होंगचिंग (456–536) या ताओपंथी पंडिताच्या नावावर ती नोंदलेली आहे. सूत्र एवढंच: श्वास घ्यायची तऱ्हा एक, सोडायच्या सहा.

पहिलं अक्षर श्यू, ते यकृतासाठी, म्हणजे रागासाठी. मग हृदयाला हऽ, प्लीहेला (काळजी, तेच ते विचार) हू, फुप्फुसांना (दुःख) स्स्, मूत्रपिंडांना (भीती) छ्वेइ आणि शेवटी सगळं सारखं करायला शी. यातलं यकृत म्हणजे सोनोग्राफीत दिसतं तेवढंच नव्हे. चिनी वैद्यकात ते एका कामाचं नाव आहे. तेव्हा एलएफटीचे (यकृताच्या रक्ततपासणीचे) आकडे बघत बसू नकोस.

तुझं काम श्यूचं. पाय खांद्यांइतके फाकवून उभा राहा, गुडघे सैल. तळवे वर करून हात कमरेशी. श्वास नाकाने, नेहमीइतकाच. सोडताना कमरेतून डावीकडे वळ आणि उजवा तळवा कमरेपासून खांद्याच्या उंचीपर्यंत पुढे ने. ओठांचे कोपरे जरा मागे, वरखालच्या दाढा समोरासमोर पण मध्ये फट. हवा त्या फटीतून, जिभेच्या दोन्ही कडांनी गेली पाहिजे. डोळे टक्क उघडे, कारण यकृताचं दार डोळे. परत येताना श्वास, मग दुसरी बाजू. दोन्हीकडे 3–3, एकूण 6. 2003 साली चीनमध्ये ठरवलेल्या प्रमाण पद्धतीत प्रत्येक अक्षराला हाच आकडा आहे. सुरुवातीला आवाज काढ, जमल्यावर नुसता श्वास.

बिघडतं ते जोर लावल्याने. फुंकर मारल्यासारखा श्वास टाकलास तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. मग थांब आणि साधा श्वास घे. दुसरी खोड तुझ्या प्राणायामाची: इथे कुंभक नाही, श्वास कुठेही कोंडायचा नाही. आणि राग फार आला म्हणून श्यू तीसदा करू नकोस. या शास्त्रात सोडणं म्हणजे उपसणं. जास्त उपसलं की गळून जायला होतं. म्हणूनच सहाही अक्षरं क्रमाने करायची, लाकूड–अग्नी–माती–धातू–पाणी या चिनी पंचतत्त्वांच्या साखळीने. जेवणावर लगेच मात्र नको.

शेवटी दोन्ही तळवे बेंबीवर ठेवून थोडा वेळ उभा राहा. लक्ष बेंबीखाली तीन बोटांवर, खालच्या तानथ्येनपाशी (ताओपंथात ऊर्जेचं केंद्र मानतात ती जागा). तिथे काही ‘जाणवलं पाहिजे’ असा हट्ट नको.

छ्वेइला तोंड कसं करायचं ते कागदावर नीट उतरत नाही. रविवारी फोन कर, करून दाखवतो.

तुझा,
मित्र